अक्कांचं दुखणं, आबांच्या तोंडून

आमच्या घरात बायकांचं दुखणं पुरुष सांगायचे. दुखायचं बाईला आणि दवाखान्यात जायचे आबा, म्हणजे माझे सासरे. मी धुळ्याची, लग्न होऊन चोपडा तालुक्यात आले ते ऐंशी सालाच्या पुढेमागे. घर केळीवाल्यांचं, कापूसवाल्यांचं. अंगणात उभं राहिलं की सातपुडा दिसायचा, विहिरीला पाणी होतं, दाराशी बैलजोडी होती, कशाची म्हणून वाण नव्हती. पण आजारी बाईनं स्वतः उठून डॉक्टरसमोर बसावं, ही गोष्ट त्या घरात कुणाला सुचलीच नव्हती.

आता कुणी म्हणेल, खेड्यात डॉक्टर नसतील. हेच ऐकून ऐकून माझं डोकं फिरतं. डॉक्टर होते! बाजाराच्या गावाला त्यांचा दवाखाना होता, बैलगाडीनं निघालं तर ऊन चढायच्या आत पोचायचं. माणूस इथलाच, केळीवाल्याच्याच घरातला, शिकून परत आलेला. गरिबाला परवडेल एवढंच घ्यायचा, नसेल तर तेही नाही. सकाळी दार उघडलं की दिवस मावळेपर्यंत बंद व्हायचं नाही. असा डॉक्टर मिळायला नशीब लागतं. पण त्याच्या खुर्चीत आणि आमच्या घरातल्या बायकांत आबा बसलेले होते, त्याला तो बिचारा काय करणार?

आबांचा बाजार म्हणजे एक सोहळाच असायचा. आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर यायच्या आणि आपापलं दुखणं अक्कांना सांगायच्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं. मग आबा जेवायला बसले की अक्का खाली मान घालून त्यातलं सांगण्याजोगं तेवढं आबांना सांगायच्या. आबा दुसऱ्या दिवशी त्यातलं आठवेल तेवढं डॉक्टरांना सांगायचे. दोन चाळण्यांतून पडल्यावर दुखण्याचं काय उरणार? आबांकडे दुखणी तरी किती? ताप, खोकला, पोट आणि कंबर. गल्लीतल्या बाईला काहीही होवो, ते या चारांतच बसवायचं. मीठ, बियाणं, मोटरचा पट्टा, आणि त्याच पिशवीत औषधाच्या बाटल्या. परत येताना आबा खुशीत असायचे. "मी बठ्ठं बराबर सांगस डॉक्टरले," असं म्हणून, सगळं सांगितल्याच्या तोऱ्यात पागोटं खुंटीला लावायचे.

आबा वाईट होते असं मी म्हणणार नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी एवढी तंगडतोड दुसरं कोण करत होतं? पण चांगला माणूस चुकीच्या जागी बसला की त्याला उठवणं फार अवघड जातं.

माझंच ऐका. लग्नाला वर्ष होत आलं आणि मला दिवस गेले. सकाळी उठलं की उलट्या, फोडणीचा वास आला की उलट्या. अक्कांनी ते हळूच आबांच्या कानावर घातलं असणार. आता सासऱ्यानं सुनेचं असलं काही भरल्या दवाखान्यात कसं बोलायचं? आबांनी तिथं सांगितलं, "सूनबाईचं पोट बिघडलंय." डॉक्टरांनी पोट बांधायचं औषध दिलं. पांढरी पूड होती, वर अर्धं लिंबू घ्यायला सांगितलेलं. मी ती पूड मोरीत ओतली आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "तुमच्या वडिलांना सांगा, माझं पोट बिघडलेलं नाही, भरलंय." हे हसत सुटले. सांगितलं मात्र नाही. मला मग माझ्या आईनं धुळ्याला नेलं. तिथं आमच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर होते, लहानपणापासून मला ओळखणारे. त्यांच्यासमोर आम्ही बायका स्वतः बसायचो, जीभ काढून दाखवायचो, नको ते विचारायचो. आईला त्यांनी एकदा बजावलं होतं, पाळी गेल्यानंतर कधी पुन्हा रक्त दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. आईनं ते मला सांगितलं आणि मी ते डोक्यात पक्कं ठेवलं. तिथल्या शेजारणींनाही ते ठाऊक होतं. धुळ्यात हे चार बायका बसल्या की बोललं जायचं.

सासरी चार बायका बसल्या की आंब्याच्या लोणच्याबद्दल बोलायच्या.

पुढं मुलगा झाला, रांगायला लागला. त्या वर्षीच्या पोळ्यानंतर अक्कांनी मला एका संध्याकाळी सांगितलं, "माले वाकता येत नही आते. देवना दिवा तूच लावत जाय." मला वाटलं, कंबर धरली असेल. आबा तर दर बाजाराला त्यांच्यासाठी कंबरेच्या गोळ्या आणतच होते. अक्का गोळ्या घ्यायच्या. चेहरा मात्र उतरत चालला होता. हिवाळ्यात सगळ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, "काही नही व्हयेल माले. उष्णता शे." आणि रोज सब्जाचं पाणी प्यायच्या, तेही थंडीत!

मग मी बाजूला बसले, म्हणजे बाळंतपणानंतर पहिल्यांदाच माझे महिन्याचे दिवस आले. आमच्याकडे त्या दिवसांत बाईनं देवाला शिवायचं नाही. मी सहज म्हणाले, "अक्का, आज दिवा तुम्हीच लावा." अक्का काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं बघते तर त्यांनी शेजारची पोर हाक मारून आणली आणि तिच्याकडून दिवा लावून घेतला. स्वतः देवघराच्या दाराबाहेर उभ्या. हात जोडले तेही लांबून.

मी कोपऱ्यात पोतं टाकून बसले होते. तिथूनच मी मनात हिशेब मांडला. घरात अक्का असताना शेजारची पोर दिवा लावायला कशाला? वाकता येत नाही म्हणे! देव तर भिंतीतल्या कोनाड्यात होते, छातीच्या उंचीवर. तिथं वाकायचं कुठं होतं? आणि त्यांची पाळी तर मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेली. केस पांढरे झालेले, नातू मांडीवर. तरीही ही बाई पोळ्यापासून देवाला शिवत नव्हती. संक्रांत तोंडावर आली होती तेव्हा!

मग बाजूला बसलेली मी तशीच उठले आणि शोधलं. कापसाच्या खोलीत, वेचून आणलेल्या ढिगामागं, गोणपाटाखाली त्यांनी जुन्या लुगड्याचे धडपे वाळत घातले होते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून विहिरीवर जायच्या ते यासाठी. डाग गेले नव्हते. ते हातात धरून मी तिथंच कापसावर बसले आणि रडले. रडू आलं त्याहून राग जास्त आला. कुणाचा ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

त्याच दुपारी मी अक्कांना गाठलं. आधी त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मग दार लावलं. मग म्हणाल्या, "कोनले सांगू नको, तुले मनी आन शे. नातवंडं खेळाडाना वयमा हाई लाज व्हयनी."

"लाज कसली अक्का? हे दुखणं आहे. डॉक्टरांना दाखवायला हवं."

"आबा आनतस ना गोया."

"आबांना काय माहीत आहे? ते तिथं कंबर सांगतात!"

"मंग काय सांगतीन ते?" अक्का म्हणाल्या.

आमच्या ह्यांना मी रात्रीची वाट न बघता शेतावरच जाऊन सांगितलं. केळीच्या बागेत पाणी धरलेलं, हे चिखलात उभे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आबांशी तूच बोल. मला नाही जमणार." यांना बांध घालणं जमतं, बैल फिरवणं जमतं, फक्त आईबद्दल बापाशी बोलणं जमत नाही. बरं! मी म्हटलं, ठीक आहे, मला जमतं.

बाजाराच्या सकाळी आबा गाडी जुंपत होते. मी मुलाला शेजारणीकडे दिलं, अक्कांच्या हातात धुतलेलं लुगडं ठेवलं, आणि दोघी दारात येऊन उभ्या राहिलो. आबांनी वर बघितलं.

"कथा चालनात?"

"दवाखान्यात. अक्कांना दाखवायचंय."

"तुम्ही कसाले येतस? मी सांगस ना."

"तुम्ही सांगताच आहात आबा. पण त्यांना बरं कुठं वाटतंय?"

"बाया दवाखानाना बाकवर बठतीन का? बठ्ठा बाजार दखी."

तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "त्याच बाजारात अक्का कासाराकडून बांगड्या भरतात. परका माणूस अर्धा तास हात दाबत बसतो, ते सगळा बाजार बघतो, ते चालतं. मग डॉक्टरनं नाडी बघितली तर काय बिघडतं?"

ओट्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी पदर तोंडाला लावला. "धुयावाली भलती तिखट शे," एक दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशी. तिखट तर तिखट. आबांनी गाडीत वाळलेली वैरण पसरली, बसायला मऊ पडावं म्हणून. मी अक्कांना हात देऊन वर घेतलं.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर सगळे पुरुषच. निम्मे घरच्या बायकांची दुखणी घेऊन आलेले, हे मला तिथं बसल्यावर कळलं. एक जण म्हणत होता की मालकिणीला चक्कर येते, दुसरा म्हणत होता वहिनीच्या डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि मालकीण आणि वहिनी घरी भाकरी थापत असणार. आमचा नंबर आला. आबा नेहमीप्रमाणे जाऊन खुर्चीवर बसले. अक्का माझ्यामागं, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. डॉक्टर आम्हाला बघून जरा चकितच झाले.

"कंबरच शे अजून," आबांनी सुरुवात केली.

"आबा," मी म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावरच्या माना आत वळल्या. सुनेनं सासऱ्याला चारचौघांत उठवलं होतं. आबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टर आपल्याला सोडवतील अशा आशेनं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग अक्कांकडे, बराच वेळ. मग म्हणाले, "आबा, जरा बाहेर थांबा." आबा उठले. पागोटं हातात घेऊन बाहेर गेले आणि डॉक्टरांनी स्वतः उठून दार लोटलं.

आता बोलायचं होतं. अक्का खुर्चीवर बसल्या खऱ्या, पण तोंडाला कुलूप. डॉक्टर विचारत होते, त्या जमिनीकडे बघत होत्या. ही संधी हुकली तर पुन्हा ही बाई दवाखान्याची पायरी चढणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. मी पुढं झाले, "डॉक्टरसाहेब, मी सांगते, त्यांना..."

"तुम्ही नका सांगू," डॉक्टर म्हणाले.

मला असा राग आला म्हणता! एवढं करून इथवर आणलं, आणि मलाच गप्प बसवतात? पण त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. खुर्ची अक्कांच्या जवळ ओढली आणि आपल्या खानदेशीत म्हणाले, "अक्का, तूच सांग माय. तुनं दुखनं तुनाशिवाय कोनले माहीत?"

बाहेर कुणीतरी खोकत होतं. मग अक्कांनी पदर थोडा वर घेतला आणि म्हणाल्या, "पोळापासून देवले हात लायेल नही मी."

एवढंच. मी डॉक्टरांकडे बघितलं, यांना काय समजणार म्हणून. पण ते त्याच मातीतले होते. त्यांच्या आईनं, बायकोनं, बहिणीनं देवापासून असंच लांब उभं राहिलेलं त्यांनी जन्मभर पाहिलेलं. त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. चेहरा बदलला त्यांचा.

"रगत जास?"

"जास."

"रोज?"

"आते रोज."

आणि मग अक्का बोलतच राहिल्या. किती जातं, कसा वास येतो, रात्री ओटीपोटात काय होतं, शेतात चालताना कुठं बसावं लागतं. अडीच-तीन वर्षं मी या बाईबरोबर एका चुलीपुढं बसत होते, पण तिच्या तोंडून एवढे शब्द मी सलग कधी ऐकले नव्हते. डॉक्टर मधे मधे विचारत होते, अक्का उत्तर देत होत्या, आणि मला त्या दोघांनीही विचारलं नाही. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट असं वाटलं, चला, सुटले बाई!

डॉक्टरांनी दार उघडून आबांना आत घेतलं. "आबा, कंबर नाही," ते म्हणाले. "गर्भाशयाचं दुखणं आहे. माझ्याकडचं नाही हे. उद्याच्या उद्या जळगाव गाठा, बाईडॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. एक बाजारही थांबायचं नाही." आबा उभेच राहिले.

त्या दिवशी बाजार झाला नाही. गाडी तशीच रिकामी परत फिरली. अर्ध्या वाटेवर आबांनी बैल थांबवले आणि मागं न बघता विचारलं, "माले का बरं सांगं नही?"

अक्का म्हणाल्या, "तुमले सांगं असतं, तं तुम्ही तठे काय सांगतात?"

आबांनी बैल हाकले.

जळगावला कॅन्सर निघाला. हा शब्द आमच्या घरात तेव्हा मोठ्यानं कुणी उच्चारला नाही, मीही नाही. बाईडॉक्टर म्हणाल्या, अजून गर्भाशयातच आहे, बाहेर पसरलेला नाही, पिशवी काढू. आणखी उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते, असंही म्हणाल्या. मी मागच्या जिन्यात जाऊन पोटभर रडून घेतलं, तोंड धुतलं आणि वर आले. ऑपरेशनच्या दिवशी आबा दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसले होते, त्यांना कुणी चहा दिला तर तो हातातच गार झाला. अक्का वाचल्या. अशक्तपणा गेला, बांगड्या पुन्हा मनगटावर बसल्या. पुढं कित्येक वर्षं त्या कापूस वेचायला आमच्या पुढं असायच्या आणि मला मागं राहिले म्हणून हिणवायच्या.

गल्लीत हे कळायला वेळ लागला नाही. अक्का कशानं वाचल्या हे अक्काच ओट्यावर बसून सांगायच्या, आणि काहीही न गाळता. लाज एकदा मोडली की अशी मोडते! पहिल्यांदा चक्करवाली आली, मग पोटात गोळा येणारी आली. बाजाराच्या सकाळी गाडीत जागा पुरेनाशी झाली. आबा कुरकुरायचे, गाडी बाजारची आहे की बायकांची म्हणून, पण वैरण मात्र जास्तच पसरायचे. डॉक्टरांनी दाराला पडदा लावला. बाकावर बायका बसायला लागल्या तशा पुरुषांना सरकावं लागलं, काहींना उठावंही लागलं. फार बोंब झाली असं काही नाही. बाया बसल्या आणि बाजारानं बघितलं, एवढंच झालं.

एकदा थंडीत अक्कांना खोकला झाला. साधा खोकला, आबांनी सांगितला असता तरी चालला असता. तो तर त्यांच्या चारांतलाच. पण अक्का आत गेल्या, पडदा ओढला. मी आणि आबा बाहेर. शेजारच्या गावची एक बाई आली, पोटाशी हात धरलेली, नवऱ्याबरोबर. तिचा नवरा आबांच्या ओळखीचा निघाला. तो म्हणाला, "आबा, अक्काले काय व्हयनं?"

आबांनी पडद्याकडे बघितलं. आतून अक्कांचा आवाज येत होता, सावकाश, थांबून थांबून.

"माले काय माहीत?" आबा आत बोट दाखवत म्हणाले. "ती मझार सांगी राहिनी." आणि बाकावरून उठून त्यांनी त्या बाईला बसायला जागा दिली.